मी खाल्लेलं अर्थमंत्रालय

भूपाल,

देशाच्या अर्थमंत्रालयाच्या इतिहासावरचं तुझं भाषण मी खाल्लं, हे आज लेखी कबूल करतो. तोंडी कबूल करायला मला अकरा वर्षं मिळाली होती. त्या अकरा वर्षांत आपण रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जात होतो, त्यामुळं संधी मिळाली नाही असं म्हणायचीही सोय नाही. रंकाळ्याच्या एका फेरीत माणूस गुन्हा कबूल करून, शिव्या खाऊन, माफी मागून वर भेळ खाऊ शकतो. मी नुसती भेळ खाल्ली. तीसुद्धा तुझी बिनकांद्याची अर्धी संपवून.

तू शाळेत इतिहास शिकवायचास आणि मी पोस्टात होतो. पण पोस्टातला माणूस म्हणून मला पोस्टातले लोकसुद्धा ओळखत नाहीत. गावाला मी माहीत आहे तो माईकवाला दिनकर म्हणून. बारसं, सत्कार, साठीशांत, म्हशींचं प्रदर्शन, कुठंही माईक उभा दिसला की मी त्याच्यामागं उभा असतो. एकदा गडमुडशिंगीच्या एका लग्नात मी नवऱ्यामुलाची इतकी ओळख करून दिली की मुलीकडचे काळजीत पडले. हे सगळं तुला माहीत होतं. माहीत असून तू माझ्या हातात माईक दिलास, तेव्हा थोडीशी चूक तुझीही आहे असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तू नाहीस, तेव्हा अख्खी माझ्याकडं घेतो.

लोकांना क्रिकेटचं वेड असतं, नाटकाचं असतं. तुला अर्थमंत्र्यांचं होतं. कुणी विचारलं की तू हुपरीचं सांगायचास. हुपरी तुझं गाव, तिथं तुमच्या घरी चांदीचे पैंजण घडवायचे. सकाळपासून रात्रीपर्यंत हातोड्यांची टकटक, ती इतकी सवयीची की बंद झाली तरच कानाला कळायचं. वर्षातून एका संध्याकाळी ती बंद व्हायची. बाकडी सोडून सगळे रेडिओभोवती बसायचे, तुझे वडील एक हात वर करून सगळ्यांना गप्प ठेवायचे आणि दिल्लीचा कुणी माणूस इंग्रजीत बोलायचा. चांदीचं काय केलं, एवढंच त्यांना हवं असायचं. तू सात-आठ वर्षांचा. तू वडिलांना विचारलंस, "आप्पा, आपली हातोडी थांबवणारा ह्यो माणूस कोण?" वडील म्हणाले, "अर्थमंत्री. गप बस." तिथून पुढं साठ वर्षं तू त्या प्रश्नाचं उत्तर गोळा केलंस.

त्या संध्याकाळी तुम्ही उपाशी झोपायचा, हेही तूच सांगितलेलं. भाषण पाचला सुरू व्हायचं आणि सूर्य काही अर्थमंत्र्यासाठी थांबत नव्हता. जैनाच्या घरी दिवस मावळल्यावर जेवण नाही. चांदीचा निकाल ऐकू यावा म्हणून अख्खं घर जेवणावर पाणी सोडायचं. पुढं सरकारनं अंदाजपत्रकाची वेळ सकाळी अकराची केली तेव्हा त्याची कारणं पेपरांत बरीच आली. तू मात्र मला फोन करून सांगितलंस, "दिनू, शेवटी ऐकलं बघ आमचं."

आणि तुझ्या राजारामपुरीच्या घरातला तो अर्थसंकल्पाचा दिवस. दिल्लीत कागद छापायला जायच्या आधी मंत्रालयात कढईभर हलवा करतात आणि मग छपाईची माणसं मंत्र्याचं भाषण होईपर्यंत आत कोंडून घेतात, हे तू कुठंतरी वाचलंस आणि घरी लागू केलंस. सुनंदावहिनींनी सकाळी नऊला शिरा करायचा. शिरा खाल्ला की दाराला कडी. मग भाषण संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, फोन पिठाच्या डब्यात. जमलेल्या प्रत्येकाला तू एकेक खातं वाटून द्यायचास, सरकार काय करणार ते त्यानं चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी तुझ्या खिशात. एका वर्षी मला बाराला एका बारशात माईक धरायचा होता. मी परसात जाऊन येतो म्हणालो आणि कुंपणाची भिंत चढलो. वर चढलो, पण पलीकडं उतरायची जागा नव्हती, तिथं शेजाऱ्यांचं कुत्रं होतं. भाषण संपेपर्यंत मी भिंतीवर बसून होतो. वहिनी धुणं काढायला आल्या, माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन सांगितलं, "तुमचं एक खातं भिंतीवर बसलंय."

तू माझ्याकडून लेखी राजीनामा घेतलास. पुढच्या वर्षी परत घेतलंस ते राज्यमंत्री म्हणून. त्याला काय काम असतं असं मी विचारलं, तर म्हणालास, "बसायचं. शेजारी बसायचं आणि मान डोलवायची." भूपाल, तेवढंसुद्धा मला जमलं नाही.

आपलं एक भांडण राहून गेलं. मी म्हणायचो, अर्थमंत्री कितीही मोठा असू दे, लोकांच्या प्रेमाचा धनी होत नाही. "कोल्हापुरात एवढे चौक. एक चौक दाखव अर्थमंत्र्याच्या नावाचा." तू उरलेली फेरी पुरी केलीस. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "बाकीचे मंत्री व्हय म्हणाय बसवलेले असत्यात. रस्ता पायजे, व्हय. धरण पायजे, व्हय. ह्यो एकटाच न्हाय म्हणाय बसवलाय. न्हाय म्हणणाऱ्याचा चौक कोण करंल?" मी म्हटलं, म्हणजे माझंच खरं. तू म्हणालास, "तुझं खरंच हाय. म्हणून तर कुणीतरी भाषण केलं पायजे त्यांच्यावर."

ते कुणीतरी म्हणजे तू, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

आपल्या पेठेतल्या वाचनालयाची हिवाळी व्याख्यानमाला. तू वीस वर्षं खुर्च्या मांडल्यास तिथं, पण वक्त्याच्या खुर्चीवर तुला कुणी बसवलं नव्हतं. त्या वर्षी पुण्याचे पाहुणे आदल्या दिवशी आले, त्यांनी तांबडा रस्सा मोठ्या विश्वासानं प्याला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना खोलीतून बाहेर येता येईना. कार्यवाह माने धावत तुझ्याकडं आले. "चौगुलेसर, तुमचं ते अर्थमंत्र्यांचं काहीतरी असतंय न्हवं? तासभर बोला." तू आत जाऊन वही घेऊन आलास. ती तयार होती. किती वर्षं तयार होती देव जाणे.

संध्याकाळी साडेपाचला जेवून, इस्त्रीचा सदरा घालून तू आलास. मला बाजूला घेतलंस. "प्रास्ताविक तू कर. पाच मिनिटं. दिनू, पाच म्हणजे पाच. साडेसातला हार्मोनियमचा क्लास हाय, हॉल सोडाय लागतोय."

मी माईक धरला तेव्हा साडेसहा वाजले होते. आधी हुपरीचं सांगितलं, हातोड्या थांबायच्या ते. लोक हसले, मग एका बाईनं डोळे पुसले. भूपाल, माईकवाल्याला एवढं पुरतं. मी पहिल्या अर्थमंत्र्याकडं गेलो. स्वातंत्र्य मिळालं आणि तिजोरीची किल्ली दिली ती काँग्रेसबाहेरच्या माणसाच्या हातात, हे तुझंच. मग महिनाभरात खुर्ची सोडून गेलेले ते, ज्यांना अंदाजपत्रक मांडायची पाळीच आली नाही. मग राष्ट्रपतींच्या आवारातल्या छापखान्यातून कागद फुटले ती गोष्ट. मग आपला मराठी माणूस, मुंबईच्या प्रश्नावर ज्यानं दिल्लीतली ती खुर्ची सोडली. तिथं टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मी थांबेन असं तुला वाटलं असेल. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेले मंत्री आणि वाढदिवसालाच त्यांनी मांडलेलं अंदाजपत्रक, हेही मी सांगून टाकलं. हळू आवाजाचे ते प्राध्यापक, ज्यांच्या एका भाषणानं देशाची दारं उघडली, त्यांची मी नक्कलसुद्धा केली. हळू आवाजाच्या माणसाची नक्कल मी माईकवर ओरडून केली.

मध्ये एकदा तुझ्याकडं बघितलं. तू मांडीवरच्या वहीची पानं उलटत होतास. मला वाटलं, तयारी चाललीय. तू एकेक पान खोडत होतास.

सात पंचवीसला मी म्हणालो, "आता मी आपला जास्त वेळ घेणार नाही."

तू उठलास. फेटा बांधला होता तो जरा कानावर आला होता, तो सावरलास. तुझं ते भाषण माझं पाठ आहे, कारण ते पाठ व्हायला सोपं होतं. "माझ्या मित्रानं सगळं सांगितलंय. बरोबर सांगितलंय. फक्त दोन ठिकाणी मंत्री बदललेत, ते घरी जाऊन दुरुस्त करून घ्या. धन्यवाद." दारात हार्मोनियमवाले उभे होतेच.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. अर्थमंत्रालयाच्या इतिहासावर श्री. दिनकर सुतार यांचे अभ्यासपूर्ण व्याख्यान. खाली बारीक अक्षरांत, श्री. चौगुले यांनी आभार मानले. ते कात्रण कापून, पाठीमागं जाड कागद चिकटवून तूच मला आणून दिलंस. मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिलो. शिवी येईल म्हणून. तू म्हणालास, "फोटो बरा आलाय तुझा."

आता खालचं सांगायला जास्त लाज वाटते, म्हणून पटकन सांगतो. त्या बातमीवरून आजऱ्याच्या एका कॉलेजनं मला बोलावलं. त्याच विषयावर. आणि मी गेलो. लोकांना नाही म्हणता येत नाही असं कारण मी स्वतःला दिलं. तिथं मी तेच भाषण परत केलं, बदललेल्या दोन मंत्र्यांसकट. शाल, नारळ आणि आजऱ्याच्या काजूची मोठी पिशवी मिळाली. येताना मला काय सुचलं कोण जाणे, अर्धे काजू तुझ्याकडं घेऊन आलो. तुझ्याच भाषणाच्या मानधनातले अर्धे.

तू एक तोंडात टाकलास. "कुठलं?"

"आजऱ्याचं."

"आजऱ्याला कशाला गेलतास?"

"लग्न होतं एक."

तू आणखी एक घेतलास, सावकाश चावलास. "चांगलं झालं व्हय लग्न?"

"झालं की."

"टाळ्या पडल्या?"

लग्नात टाळ्या कुठं पडतात, भूपाल. वहिनी चहा घेऊन आल्या म्हणून मी वाचलो. तुला माहीत होतं हे मला माहीत होतं, आणि तरी आपण दोघांनी मिळून ती पिशवी संपवली.

त्यानंतर तुला कुणी बोलावलं नाही. मान्यांच्या डोक्यात तो विषय होऊन गेलेला होता. मी एकदा त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की चौगुलेसरांचं भाषण राहिलंय. ते म्हणाले, "झालं की ओ. तुम्ही न्हवता काय त्या दिवशी?"

परवा जानेवारीत तुला दवाखान्यात ठेवलं. मी ठरवून आलो होतो, की आज माफी मागायचीच. आत आलो तर तुझ्या नाकात नळी. मला माफी सुचेना, विनोद सुचले. समोरच्या खाटेवरचा पेशंट, त्याची बायको आणि दोन नर्स, एवढ्यांचं मी अर्धा तास मनोरंजन केलं. तू हात हलवून मला जवळ बोलावलंस. मी कान खाली नेला. वाटलं, आता काढणार विषय.

"अर्थमंत्रालयातली माणसं नॉर्थ ब्लॉकातनं नव्या इमारतीत हलवल्यात म्हणं."

"व्हय, पेपरात होतं."

"माझ्या भाषणात नॉर्थ ब्लॉक बारा वेळा आलाय," तू म्हणालास. "बदलाय लागंल."

मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसलो. अकरा वर्षं झाली होती त्या संध्याकाळला, आणि तू अजून ते भाषण दुरुस्त करत होतास. मला वाटत होतं, मी तुझी एक संध्याकाळ खाल्ली. तुझ्या लेखी ती व्हायचीच होती अजून. आणि अर्थसंकल्पाच्या चार दिवस आधी तू गेलास.

मान्यांनी वाचनालयात शोकसभा ठेवली, गेल्या रविवारी सकाळी दहाला. मला म्हणाले, "दिनकरराव, तुम्हीच बोला. तुमच्याइतकं कोण सांगणार?" मी म्हटलं, मी बोलणार नाही, मी वाचणार. वहिनींकडं जाऊन वही मागितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "कशाला पायजे?"

"भूपालचं भाषण आहे. करायचं राहिलंय."

"कुणामुळं राहिलंय?" त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन वही आणून दिली. आजवर एवढ्या सभांत मला कुणी प्रश्न विचारला नव्हता, हा पहिला.

साठेक माणसं आली होती. मी उठलो, तुझं नाव आणि भाषणाचं नाव एवढंच सांगितलं आणि वही उघडली. प्रास्ताविक केलं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी मान्यांच्या कानात विचारलं की यांची तब्येत बरी आहे ना.

त्या संध्याकाळी तू खोडलेली सुरुवातीची पानं उलटली, त्यापुढची दोन नीट गेली. तिसऱ्यापासून परत तुझं खोडणं सुरू झालं. खोडून वर लिहिलेलं, ते खोडून बाजूला लिहिलेलं, बाण काढून मागच्या पानावर नेलेलं. अकरा वर्षांच्या दुरुस्त्या. मी एका ओळीवर अडकलो. "खजिन्याचा खरा मालक..." पुढचं लागेना. चष्मा पुसला. तरी लागेना.

"मालक कोण न्हाय," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. "खजिन्याचा खरा मालक कोण न्हाय, समदे राखणदार. पुढं वाचा."

मी पुढं वाचलं. अर्ध्या पानावर परत अडकलो. परत त्यांनी सांगितलं, वहीकडं न बघता. तिसऱ्यांदा मी अडकलो तेव्हा त्या उठूनच आल्या.

"द्या हिकडं. न्हायतर राहू दे, तुमच्याकडंच धरा," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं रोज सकाळी भाजी निवडताना ऐकलंय. एक दिवस खाडा न्हाय. आधी हुपरीच्या बाकड्यावर बसल्यासारखं बसायचे, मग उठून उभं राहायचे."

आणि त्या बोलायला लागल्या. तुझ्या भाषणात हुपरी एका वाक्यात संपते, भूपाल. वाढदिवसाचा किस्सा तर त्यात नाहीच. मी ज्याला भाषण समजून खाल्लं, ते तू लोक स्थिरस्थावर होईपर्यंत सांगायच्या गोष्टी म्हणून सुरुवातीच्या पानांवर लिहून ठेवलं होतंस. खरं भाषण त्याच्या पुढं होतं. मंत्री येतात, जातात, म्हणालास तू. काही महिनाभर टिकतात, काही पंतप्रधान होतात. पण त्या इमारतीच्या तळघरात दरवर्षी काही माणसं कोंडून घेतात. शिपाई, टाइप जुळवणारे, छापणारे. देशातल्या प्रत्येक घराचं उद्या काय होणार ते त्यांना आज माहीत असतं, आणि ती घरी फोनसुद्धा करत नाहीत. मंत्रालयाचा इतिहास मंत्र्यांच्या भाषणांचा आहे असं आपल्याला वाटतं. तो ठाऊक असून न बोललेल्या माणसांचा आहे. खुर्चीवर बसलेला कितीही मोठा असो, तो त्यांच्या भरवशावर मोठा.

वहिनींनी हे तुमच्या घरातल्या बोलीत सांगितलं, माझ्यासारखं पुस्तकी नाही. मी वही छातीशी धरून बाजूला उभा होतो. राज्यमंत्र्यासारखा.

हार्मोनियमचा क्लास रविवारी नसतो. कुणालाच घाई नव्हती. एका ठिकाणी वहिनी थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. माझा हात माईककडं गेलाच होता, सवयीनं. तो मी खिशात घातला.

"इथं ते पाणी प्यायचे," त्या म्हणाल्या. आणि टेबलावरचा पेला उचलून, उभ्यानंच, घोट घोट करत प्यायल्या.

सगळं वाचनालय वाट बघत बसलं होतं, भूपाल. तुझ्या पुढच्या वाक्याची.